नेत्याला लपवायचा दिवस

दारावरची घंटा वाजली तेव्हा मुरियल ॲस्पिनॉल स्वयंपाकघरात किटलीत पाणी मोजून ओतत होत्या. लागेल तेवढंच पाणी उकळायचं, ही रसायनशास्त्र शिकवताना लागलेली सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. पुढच्या खोलीत पक्षाचं निवडणूक कार्यालय होतं. हॅदरक्लफमध्ये निवडणूक कोणतीही असो, कार्यालय त्यांच्याच घरी भरायचं. त्यांचे यजमान विल्फ यांनी ही प्रथा पाडली होती. विल्फ गेल्या हिवाळ्यात गेले आणि त्यांच्यामागे आलेली ही पहिलीच निवडणूक होती, एक पोटनिवडणूक. आज मतदान होतं.

मुरियलबाईंनी दार उघडलं. पायरीवर एक उंच, वाकलेला गृहस्थ निथळत उभा होता. हातात उलटी झालेली छत्री होती. त्या छत्रीवरूनच बाईंनी त्याला ओळखलं.

साऱ्या देशानं त्याला तसंच ओळखलं असतं. ऑब्री फेन हे विरोधी पक्षाचे नेते. पार्लमेंटसमोर एकदा वाऱ्यानं त्यांची छत्री उलटी झाली होती, आणि ते बोलण्याच्या नादात तशीच डोक्यावर धरून चालत राहिले होते. तेव्हापासून वर्तमानपत्रांतल्या व्यंगचित्रकारांना त्यांचा चेहरा काढावाच लागत नसे, नुसती छत्री पुरे.

"नमस्कार," फेन म्हणाले. "इकडूनच चाललो होतो. म्हटलं, उतरून काही मदत होते का बघावं."

मुरियलबाईंच्या मागून पक्षाचा निवडणूक प्रतिनिधी नॉर्मन हॅलिवेल डोकावला आणि जागच्या जागी थिजला. नॉर्मननं गेल्या महिन्याभरात फेन यांची भेट तीनदा टाळली होती. एकदा सभागृहाचं छप्पर गळतंय म्हणून, एकदा उमेदवार कॅथलीनचा घसा बसलाय म्हणून, आणि तिसऱ्यांदा त्यानं फोनच उचलला नव्हता. दारोदार प्रचाराला गेलं की लोक एकच सांगायचे, "कॅथलीन चांगली आहे हो, पण तुमचा तो छत्रीवाला!"

"तुम्हाला इथं येताना कुणी पाहिलं?" नॉर्मननं विचारलं.

"स्टेशनवरच्या एका हमालानं. त्यानं विचारलं, तुम्ही तेच का? मी म्हटलं, हो, दुर्दैवानं."

नॉर्मननं बाईंना बाजूला घेतलं. तो त्यांचा विद्यार्थी. प्रयोगशाळेचा पडदा पेटवल्याची त्याची ख्याती अजून शिल्लक होती. "बाई, ह्यांना स्वयंपाकघरात बसवा. चहा द्या, केक द्या, काहीही द्या. संध्याकाळच्या गाडीपर्यंत बाहेर पडू द्यायचं नाही. हे रस्त्यावर दिसले तर सीट गेलीच म्हणून समजा, आणि मग ती तुमच्या घरातून गेली असं लोक म्हणतील."

"कळलं," मुरियलबाई म्हणाल्या.

त्यांना आणखीही एक गोष्ट कळत होती, पण ती त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती. पक्षानं नेता निवडला तेव्हा हॅदरक्लफच्या शाखेतून फेन यांना एकच मत पडलं होतं. ते कुणाचं, यावर क्लबात कितीतरी दिवस हशा पिकला होता. मुरियलबाई त्या हशात सामील झाल्या होत्या. तेव्हापासून आपण चुकलो का, हा प्रश्न दातात अडकलेल्या कणासारखा त्यांना सलत होता.

नॉर्मन मतदान केंद्रावर गेला. फेन यांचा कोट शेगडीसमोर वाळत पडला. स्वतः फेन टेबलाशी बसून पत्रकांच्या घड्या घालत होते. घड्या मात्र अगदी एकसारख्या पडत होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. मतदारांना केंद्रावर नेणारी गाडी गिरणीच्या चढावर बंद पडली होती, आणि मिसेस क्लेगेट टोपी घालून दारात वाट बघत होत्या.

"कोण मिसेस क्लेगेट?" फेननी विचारलं.

"आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. विल्फ दर निवडणुकीला त्यांना गाडीतून न्यायचे." बाई थोडं थांबून म्हणाल्या, "मत मात्र त्या दुसऱ्या पक्षाला देतात."

"मग आपण कशाला न्यायचं?"

"त्या पक्षाची गाडी नवी आहे, पण ड्रायव्हर बोलत नाही म्हणे. मी विल्फना हेच विचारायची. ते म्हणायचे, मत त्यांचं असतं, गाडी आपली असते. वाट बघणाऱ्या माणसाला पावसात उभं करायचं नाही."

फेननी हातातली घडी पूर्ण केली. "ती गाडी अजून आहे?"

गाडी होती. जुनी हिरवी मॉरिस. मुरियलबाईंना चालवता येत नसे, पण दर रविवारी त्या गॅरेजमध्ये जाऊन इंजिन सुरू करत, बॅटरीत ऊर्ध्वपातित पाणी घालत आणि थोडा वेळ नुसत्या शेजारच्या सीटवर बसून राहत. बॅटरीसाठी, असं त्या सांगत.

"मला गाडी चालवता येते," फेन म्हणाले. "मला येणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत, पण ही त्यातली एक आहे."

मुरियलबाईंनी विचार केला. नॉर्मनला दिलेला शब्द होता. पण पावसात एक म्हातारी उभी होती आणि विल्फची गाडी गॅरेजात होती. त्यांनी खुंटीवरचा विल्फचा रेनकोट काढला. मधलं बटण त्यांनीच निळ्या दोऱ्यानं शिवलेलं होतं, कारण त्या दिवशी करडा दोरा संपला होता. वर विल्फची सपाट टोपी दिली. "चष्मा काढा."

"मग समोरचा रस्ता दिसणार नाही."

"मग राहू द्या. टोपी पुढे ओढा. नाव आर्थर. माझे मावसभाऊ. आणि राजकारणावर एक अक्षर बोलायचं नाही."

"ते मला पार्लमेंटातही जमतं, असं लोक म्हणतात," फेन म्हणाले.

एक गोष्ट बाई विसरल्या. मॉरिस डावीकडे वळली की तिचा भोंगा आपोआप वाजायचा. विल्फनी तो कधी दुरुस्त केला नाही. लोकांना कळतं, गाडी आली, असं ते म्हणायचे. गेटमधून बाहेर पडताच फेननी डावीकडे वळण घेतलं आणि त्या म्हाताऱ्या बदकासारख्या आवाजानं सगळी गल्ली दुमदुमली.

एक पडदा सरकला, मग दुसरा. एक दार उघडलं. करडा रेनकोट, सपाट टोपी आणि हिरवी मॉरिस पाहून खाटीक स्टॅनली ऑग्डेनच्या हातातला सुरा तसाच राहिला.

"अरे देवा," तो म्हणाला. "विल्फ?"

"माझे मावसभाऊ," बाई खिडकीतून ओरडल्या. "आर्थर!"

"मत द्यायला नेताय? थांबा, ॲप्रन काढतो. ह्या पावसात जाणारच नव्हतो मी."

मिसेस क्लेगेट पुढे बसल्या, स्टॅनली मागे बाईंच्या शेजारी. गाडी वळली, भोंगा वाजला आणि आणखी दोन दारं उघडली. त्यांना मुरियलबाईंनी हातानंच "परत येतो" अशी खूण केली. काय होतंय ते बाईंना कळत होतं, पण थांबवावं कसं ते कळत नव्हतं.

"तर आर्थर," मिसेस क्लेगेटनी सुरुवात केली, "तुमचा तो फेन. काय मत आहे तुमचं?"

मुरियलबाईंनी मागून फेनच्या सीटला गुडघा लावला.

"बरा आहे," फेन म्हणाले.

"बरा? अहो, तो बोलायला लागला की वाटतं, खुर्चीत बसू का म्हणून परवानगी मागतोय!"

"ते खरं आहे. शाळेतही तसंच... म्हणजे, असेल."

"आणि केस! त्याला बायको नाही का, आरसा दाखवायला?"

"आहे. तिनं दाखवून पाहिला म्हणे."

स्टॅनली मागून खो खो हसला. "मी सांगतो, आर्थर. माणूस वाईट नसेल, पण देश चालवायचा म्हणजे काय गंमत आहे? त्याला स्वतःची छत्री आवरत नाही."

"वारा फार होता," फेन हळूच म्हणाले.

"मग सोडत का नाही तो?" मिसेस क्लेगेट म्हणाल्या. "इतकं सगळे बोलतात. कातडी गेंड्याची का काय?"

गाडी सिग्नलला थांबली. काच पुसणाऱ्या पट्ट्यांची करकर तेवढी ऐकू येत होती. मुरियलबाईंना फेनची फक्त मान दिसत होती, विल्फच्या कॉलरमधून वर आलेली.

"नसावी," फेन म्हणाले. "मला वाटतं, तो सगळं घरी नेऊन आठवत बसत असेल. पण काम हातात घेतलं की दुसरा कुणी येईपर्यंत धरून ठेवावं लागतं. आणि दुसरं कुणी येत नसेल."

सिग्नल हिरवा झाला आणि गाडी पुढे निघाली. मग मिसेस क्लेगेट म्हणाल्या, "कोटाच्या उजव्या खिशात पेपरमिंट असतील. विल्फ ठेवायचा. काढा बघू."

पेपरमिंट होत्या. फेननी सगळ्यांना एकेक दिली.

मतदान केंद्र होतं प्राथमिक शाळेत. दाराशी नॉर्मन छातीवर फितीचं फूल लावून येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून हसत होता. भोंगा ऐकून त्यानं मान वळवली आणि ते हसू चेहऱ्यावर तसंच वाळून गेलं.

"नॉर्मन," मुरियलबाई शांतपणे म्हणाल्या, "हे आर्थर."

समोर मतदार उभे होते. नॉर्मननं हात पुढे केला. "आर्थर. वा. किती... किती लवकर परत जाणार आहात?"

"अजून गल्लीत दोन-तीन घरं बाकी आहेत," फेन म्हणाले.

दोन-तीन घरांची पुढे सबंध गल्ली झाली. भोंगा वाजला की दारं उघडत. कुणी विल्फला आठवत येई, कुणी नुसतं मॉरिसमध्ये पुन्हा एकदा बसायला. जाताना सगळे फेनवर बोलत आणि येताना आर्थरवर खूश होत. दुसऱ्या पक्षाच्या माणसानंही त्यांना आपल्या डब्यातलं बिस्किट दिलं. नॉर्मन प्रत्येक खेपेला थोडा थोडा पिवळा पडत होता. "बाई, ऑक्सिजन," असं तो एकदा पुटपुटला. पडदा पेटला तेव्हाही तो हेच म्हणाला होता.

संध्याकाळी मॉरिस स्टेशनपाशी उभी राहिली. नॉर्मन मागच्या सीटवर खाली सरकून बसला होता. त्याला मॉरिस चालवत घरी न्यायची होती, आणि फेनबरोबर दिसायचंही नव्हतं.

"मिस्टर फेन," मुरियलबाई म्हणाल्या, "नेता निवडताना मी तुम्हाला मत दिलं होतं."

फेननी वळून पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. "अच्छा, ते तुम्ही! मी नेहमी विचार करायचो, हॅदरक्लफमध्ये कोण असेल ते."

आगगाडीची शिट्टी झाली तसे ते धावत सुटले.

कॅथलीन निवडून आली, अगदी निसटत्या मतांनी. नॉर्मननं पत्रकारांना सांगितलं की, हा शिस्तबद्ध स्थानिक प्रचाराचा विजय आहे. वर्तमानपत्रांनी मथळा दिला, 'फेन फिरकले नाहीत, म्हणून जागा वाचली'. नॉर्मननं तो कापून कार्यालयात लावला. मुरियलबाईंनी त्याला टाचण्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी मिसेस क्लेगेट चहाला आल्या. दूरदर्शनसंचावर बातम्या चालू होत्या.

"चांगला चालवतो हो गाडी, तुमचा फेन," त्या बिस्किट बुडवत म्हणाल्या.

मुरियलबाईंचा कप बशीवर वाजला. "तुम्ही ओळखलं होतं?"

"माझ्याकडे टीव्ही आहे, मुरियल. गाडीत बसल्याबरोबर ओळखलं. आता नेता कधी आपल्या शेजारी सापडतो, सांग? म्हटलं, मनातलं सगळं बोलून घ्यावं."

"अहो, पण इतकं?"

"ऐकून तर घेतलं ना त्यानं. एवढं ऐकून घेणारा नेता मी आजवर पाहिला नाही."

मुरियलबाईंनी बराच वेळ चहा ढवळला. साखर त्यात घातलेलीच नव्हती. "मिसेस क्लेगेट, मत कुणाला दिलंत?"

"ते मी विल्फलाही कधी सांगितलं नाही."

"विल्फना माहीत होतं."

"मग तो असता तर त्याला हेही कळलं असतं," मिसेस क्लेगेट म्हणाल्या आणि त्यांनी दुसरं बिस्किट घेतलं.

पडद्यावर फेन आपल्या घराच्या पायरीवर उभे होते. पत्रकार विचारत होता, हॅदरक्लफमध्ये तुम्ही गेलाच नाहीत, याचं वाईट वाटतं का? पाऊस पडत होता. फेनच्या अंगात करडा रेनकोट होता. मधल्या बटणाचा दोरा निळा होता.

"तिथले कार्यकर्ते फार चांगले आहेत," फेन म्हणाले. "माझ्याकडून त्यांना काही शिकायची गरज नव्हती." मग ते उजव्या खिशात हात घालून काहीतरी शोधू लागले, आणि ते सापडल्यावर अख्ख्या देशासमोर त्यांनी ते तोंडात टाकलं.

मुरियलबाईंची नजर स्वयंपाकघराकडे गेली. तिथं खुंटीवर फेनचा कोट लटकत होता, वाळून कडक झालेला.

"अगं, विल्फचा कोट!" मिसेस क्लेगेट म्हणाल्या. "पत्र टाक त्याला. परत मागून घे."

मुरियलबाईंनी पडद्यावरच्या निळ्या दोऱ्याकडे पाहिलं. इतक्या लांबूनही टाका पक्का दिसत होता.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "पुढच्या निवडणुकीला घालून येतील. ड्रायव्हर लागेलच की."