बोरकुटे सरांची शेपटं

आमच्या बोरकुटे सरांना माणसांची नावं आठवत नाहीत, शेपटं आठवतात. वडशाच्या भर बाजारात त्यांनी एका सरपंचांना लांबूनच हाक मारली, "काकाजी, मागच्या खेपेपेक्षा तुमचं शेपूट लई वाढलं जी!" भाजीवाल्या बायांनी सरपंचांच्या धोतराकडे पाहिलं. मी वांगी निवडण्यात गढून गेलो. सरांसोबत बाजारात गेल्यावर ओळख न दाखवणंच बरं.

सर आमच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात, मी मराठी. घरंही शेजारी. त्यांचं संशोधन खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा घोटलेला तोबरा, खाणाऱ्यांच्या तोंडावर चालतं. चपट्या काडीनं गालाच्या आतल्या पेशी खरवडायच्या, काचेवर घ्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. डीएनए तुटला असेल तर पेशीमागे उजेडाचं शेपूट दिसतं. जितकी मोडतोड, तितकं ते लांब. माझं मध्यम आहे, असं ते पाहुण्यांसमोर सांगतात.

"डीएनए रोजच तुटते जी," सर म्हणतात. "तुटो बापडा! जोडाले आतमधी मिस्त्री बसले हायेत. पण खर्रा का करते? भिंतही पाडते अन् मिस्त्रीलेही झोपवते!"

गेल्या हिवाळ्यात नाटकाच्या मध्यंतरात त्यांनी काड्या बाहेर काढल्या. पडदा वर गेला, खलनायक गर्जना करत आला, आणि पाहतो तर अख्खी पहिली रांग आ वासून बसलेली. बिचारा वाक्यच विसरला. "थांबा जी, दोनच तोंडं राह्यले," सरांनी उलट त्यालाच दटावलं.

कोणती काच कोणाची हे सरांना आधी कळता कामा नये, असा त्यांचाच नियम. ओळखीच्या माणसाचं शेपूट नजरेला आखूड भासतं म्हणे. म्हणून काचेवर फक्त नंबर, आणि नावांची वही माझ्या कपाटात. मोजणी संपल्यावरच ती उघडायची.

एक तोंड मात्र सरांनी कधी मागितलं नाही. धानोऱ्याकडच्या गावी राहणाऱ्या त्यांच्या दादांचं. वडील गेल्यावर दादांनी शाळा सोडली, मोहफुलं वेचली, तेंदूपानं तोडली आणि या धाकट्याला शिकवलं. दादांचा खर्रा काही सुटला नाही. जगाला 'आ करा' म्हणणारे सर दादांसमोर गप्प. मला वाटायचं, मान राखतात.

त्याच नाटकाला आलेले दादा दुसऱ्या दिवशी सकाळी परस्पर माझ्याकडे आले. "माह्यंही घ्या ना जी, मास्तर. बाबूले सांगू नोका." बाबू म्हणजे आमचे सर. मी उरलेल्या काड्यांतली एक फिरवली, काचेवर नंबर टाकला, वहीत नाव लिहिलं आणि ती काच बाकीच्यांत मिसळून दिली.

आठवड्यानं मी चहा घेऊन प्रयोगशाळेत गेलो, तर सर आनंदानं ओरडत होते. "का शेपूट हाय हे! असं मी पाह्यलंच नाई! कोण हाय हा बहाद्दर?"

मी नंबर पाहिला. नियमाप्रमाणे नाव सांगितलं नाही, पण मला चेहऱ्यावरचं काही लपवता येत नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

"शेपूट म्हणजे कॅन्सर नोहे," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाले. मग म्हणाले, "मी भेत होतो जी. म्हणून दादाले कधी विचारलं नाई."

त्याच दुपारी आम्ही मोटरसायकलनं गावी गेलो. दादांच्या गालात पांढरा चट्टा होता. तिखट झोंबतं म्हणून ते कित्येक दिवस फिकी भाजी खात होते, आणि कोणाला बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या दवाखान्यात चट्ट्याचा तुकडा काढून तपासायचं ठरलं. सर फॉर्म भरायला बसले. सोबत आलेल्याचं पेशंटशी नातं, असा एक रकाना होता. तिथं त्यांनी लिहिलं, 'मुलगा'.

दादांनी चष्मा लावून वाचलं. "अबे बाबू, मुलगा काऊन लिवला? भाऊ लिव ना."

"राहू दे ना, दादा," सर म्हणाले, आणि खाली सही केली.