मध्यांतराचा शिक्का

आमच्या टुरिंग टॉकीजचे मालक एकदा मध्यांतरात लघवीला बाहेर गेले आणि परत येताना स्वतःच्याच तंबूच्या दारात अडकले.

"थम! कोन आता है?" दारावरचे तात्या गरजले.

"अहो, मी मालक!"

"आत हुता तवा मालक. भाईर गेला, वळख संपली. शिक्का दावा."

मालकांच्या मनगटावर शिक्का कुठला असायला? मग तात्यांनीच तो मारला, वाकून तपासला आणि कडक सलाम ठोकून त्यांना आत सोडलं.

तात्या फौजेत होते. पेन्शनीत निघून गावी आले, तर घरात दिवा लावायला कोणी उरलं नव्हतं. मग त्यांनी आमच्या तंबूचं दार धरलं. बहात्तरच्या दुष्काळात आमचा मुक्काम औंधला होता. मी तिकिटं विकायचो, तात्या दार सांभाळायचे. मध्यांतरात चहा-विडीला बाहेर जाणाऱ्याच्या मनगटावर ते जांभळा शिक्का मारत. तो दाखवला की पुन्हा आत. व्यवस्था चोख होती, पण गावातली पोरं तिच्याहून चोख निघाली. बाहेर पडलेला गडी दोस्ताचं मनगट थुंकीनं ओलं करायचा, त्यावर आपलं दाबायचा, की एका शिक्क्याचे दोन! उत्तरार्धाला तंबूत पाय ठेवायला जागा नसायची.

मालक भडकले. "तात्या, आता एक जरी फुकट्या आत सापडला, तर तुम्ही घरी!"

तात्यांचं घर म्हणजे तंबूमागची खाट आणि एक ट्रंक. म्हातारा हादरलाच.

मग परीक्षा सुरू झाली. "मध्यांतराच्या आदी काय झालं, सांग!" पण कापडाच्या तंबूला भिंती कसल्या? बाहेर बसलेल्यांना शब्दन् शब्द ऐकू यायचा. फुकटे घडाघडा संवाद म्हणून दाखवायचे, आणि तिकीट काढून आत घोरत पडलेले शाळेतले गुरुजी ततपप करायचे. गुरुजी बिचारे बाहेर राहिले.

एक दिवस तात्या मिशीत हसत आले. "कानानं ऐकलंय लेकांनी, डोळ्यानं कुटं बगितलंय?" त्या दिवसापासून प्रश्न एकच, "हिरोईनीचं लुगडं कंच्या रंगाचं?"

"तांबडं!" एक फुकट्या म्हणायचा. "हिरवं!" दुसरा म्हणायचा.

"चल, हो भाईर!"

पिक्चर काळा-पांढरा होता. तिकीटवाला उलटा खेकसायचा, "मला काय म्हाईत? तितं समदं काळंच दिसतंय!" त्याला तात्या सन्मानानं आत सोडत. अजून आठवलं की मला एकट्याला हसू फुटतं.

अशात एका मध्यांतराला एक म्हातारी दारात आली. माणदेशातली होती, दुष्काळी कामावर खडी फोडायला आलेली.

"थम! शिक्का?"

तिनं दोन्ही हात पुढं केले. शिक्का नव्हता, तळव्यावर फोड होते. "माजा किसना आत हाय रं, बाबा."

"मग मार की हाक."

"काल तिकीट काडून आल्ते, तवा मारली. वळून बगितलं, पर आला न्हाई."

असल्या पोराचा कान धरूनच बाहेर काढतो, म्हणत तात्या तिला घेऊन आत शिरले. मी मागोमाग गेलो. म्हातारीनं माणसांकडे पाहिलंच नाही. थोड्या वेळानं पडद्यावर मुंबईच्या गिरणीचं फाटक उघडलं, कामगारांचा लोंढा बाहेर आला आणि त्यातल्या एकानं मान वळवून मागं पाहिलं.

"त्यो बगा माजा किसना! ममईला गेल्यापासनं सांगावा न्हाई त्येचा. पर खुशाल दिसतोय, न्हवं?"

तात्यांनी पडद्याकडे बघत मान हलवली. "व्हय मावशे. लय खुशाल हाय."

मग ती रोज काम सुटलं की मध्यांतराला यायची. तिकीट रोज कुठून परवडणार? तात्या तिला काही विचारत नसत.

त्या पिक्चरच्या शेवटच्या दिवशी मालक स्वतः शिक्का घेऊन दारात उभे राहिले. म्हातारी आली. मालकांनी तिला अडवलं, "शिक्का कुठाय?" आता तात्यांची नोकरी तरी जाणार, नाहीतर म्हातारीचा किसना.

तात्या रोज खेळाआधी शिक्का स्वतःच्या मनगटावर मारून बघत. त्यांनी मालकांदेखत ते मनगट थुंकीनं ओलं केलं आणि म्हातारीच्या मनगटावर दाबलं.

"हा बगा शिक्का," ते सावधानमध्ये उभे राहून म्हणाले. "माजी नोकरी घ्या, सायेब. पर तिला जाऊ द्या."

मालकांनी वाकून ते मनगट तपासलं. मग ते बाजूला झाले. तात्यांना त्यांनी पुढेही कधी काढलं नाही.

सकाळी तंबू उतरवताना मला राहवलं नाही. "तात्या, सुरुवातीच्या सेन्सॉरच्या सर्टिफिकेटवर साल असतंय. पिक्चर दहा-बारा वर्षं जुना हाय. तवा तिचा किसना गावात शेळ्या राखत असंल. त्यो तिचा पोरगा न्हवंच."

तात्या दोर गुंडाळत होते.

"पयल्याच दिशी बगितलंय मी साल," ते म्हणाले. "पर आई म्हंतीया, माजा हाय म्हनून. मग आपुन कोन इचारनार?"

आणि खुंट्याची गाठ सोडवायला ते माझ्याकडे पाठ करून बसले.