मथुरा ऊर्फ मोरेश्वर

"पासपोर्ट? हॅ! आठ दिवसांत तुझ्या हातावर आणून ठेवतो. नववा दिवस उजाडला तर मला बाबू शिरधनकर म्हणू नकोस!"

बाबूकाका हे म्हणाले तेव्हा १९३१ सालचा जून संपत आला होता आणि त्यांचा पुतण्या मोरू समोर उभा होता. हातात ग्लासगोचं पत्र, चेहऱ्यावर काळजी. आता काळजी कसली करायची? रत्नागिरीच्या कचेरीबाहेर पत्र्याची ट्रंक मांडून बाबूकाका वीस वर्षं लोकांचे अर्ज लिहीत होते. त्यांचे अर्ज इतके नम्र असत, की वाचता वाचता साहेबालाच ओशाळं वाटे! 'हुजुरांच्या पायांची धूळ' हे शब्द एकेका अर्जात तीन-तीनदा येत. अक्षर तर असं, की नामंजूर झालेला अर्जसुद्धा लोक घरी जपून ठेवत.

मोरूची गोष्टही साधी नव्हती. भाट्याच्या खाडीकाठच्या त्या वाडीतली माणसं जन्मभर होड्या वल्हवत आली होती. त्यांतला हा पहिला पदवीधर. मुंबईच्या एका शेठजींच्या फंडातून त्याला जहाजांची इंजिनं शिकायला तीन वर्षं ग्लासगोला जायचं होतं. बोट मुंबईहून सतरा सप्टेंबरला सुटणार होती. ती चुकली तर शिष्यवृत्ती दुसऱ्याला जाणार, असं पत्रात स्वच्छ लिहिलेलं होतं.

"काका, जन्माचा दाखला लागेल."

"लागू दे की! वाडीची जन्माची वही बावीस वर्षांपूर्वी कोण लिहायचं? पाटलाला लिहिता येत नव्हतं. मीच लिहायचो!"

हे बोलताना बाबूकाकांची छाती फुगली होती. चार दिवसांनी दाखला हातात आला, आणि ती एकदम खाली बसली.

दाखल्यावर लिहिलं होतं: 'मथुरा. स्त्री. आईचे नाव हिरा.' वळणदार, सुबक, मोत्यासारखं अक्षर. त्यांचंच!

मग त्यांना सगळं आठवलं. हिरावहिनीचे मोरूच्या आधीचे तीन मुलगे पाळण्यातच गेले होते. चौथ्या वेळी सुईण म्हणाली, "मुलगा झाला म्हणून बोलू नका. सटवीला कळलं तर ह्यालापण नेईल." मग काय! पोराचं नाक टोचलं, मथुरा नाव ठेवलं, परकर नेसवला, आणि वहीतसुद्धा मुलगी म्हणून नोंद केली. उगाच सटवीने वही चाळली तर? पुढे शाळेत घालताना मास्तरांनी मोरेश्वर लिहिलं. परकर गेला, नाकाचं भोक बुजलं, मिशा आल्या. पण हिरावहिनीने आपला कारभार बदलला नाही. मोरूचे वडील गेल्यावर तर तिने तो अधिकच घट्ट धरला. बावीस वर्षांत तिने मोरूला एकदाही 'रे' म्हटलं नव्हतं. "मथुरे, जेवलीस काय गो?" असं ती भर रस्त्यात विचारायची, आणि बी.एस्सी. झालेला मोरू कॉलेजच्या मित्रांसमोर खाली मान घालून उभा राहायचा.

"काका, आता काय?"

"आता काय म्हणजे? एक शब्द पुरे. ऊर्फ!" बाबूकाकांनी टाक उचलला. "ऊर्फ म्हणजे काय आहे ठाऊक आहे? सरकारदरबारातली जादू आहे ती!"

आणि अर्ज गेला. अर्जदाराचं नाव: मथुरा ऊर्फ मोरेश्वर.

तीन आठवड्यांनी तो परत आला. आठ दिवसांची बात तर कधीच पावसात वाहून गेली होती. कचेरीतले अव्वल कारकून खांबेटे चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "शिरधनकर, वरून शेरा आलाय. ऐका. एक, अविवाहित मुलगी एकटी विलायतेला जाणार, तर पालकांचं संमतिपत्र जोडा. दोन, अर्जदार बाईंच्या फोटोऐवजी चुकून कोणा मिशाळ इसमाचा फोटो जोडला आहे. तो काढून बाईंचा जोडावा."

बाबूकाकांचा टाक वीस वर्षांत कधी अडला नव्हता. तो आताही अडला नाही, हेच वाईट झालं! तिथल्या तिथे त्यांनी खुलासा लिहून दिला: 'विनंती ऐसी जे, सदर मिशाळ इसम हीच सदर बाई आहे.'

झालं! दिवस चळवळीचे. कोण कुठल्या वेषात फिरतं याच्यावर सरकारचं बारीक लक्ष. दहाव्या दिवशी एक हवालदार खाडी ओलांडून वाडीत हजर झाला. हिरावहिनी अंगणात सुके बोंबील निवडत बसली होती.

"मथुरा शिरधनकर इथंच राहते काय?"

"हितंच ऱ्हाते. माजीच पोरगी ती."

"बोलवा तिला."

"आता न्हाते ती. बसा वाईच. मथुरे! ये गो, आटप लवकर! शिपाय आलाय तुला बघायला!"

आणि न्हाणीतून मोरू बाहेर आला. कमरेला पंचा, छातीवर केस, मिशांतून पाणी निथळतंय! हवालदार उठून उभा राहिला. त्याने एकदा आईकडे बघितलं, एकदा लेकीकडे बघितलं, आणि खिशातून वही काढली. बाबूकाका धापा टाकत पोचले तोवर अहवाल पुरा झाला होता: 'मथुरा नावाची मुलगी समक्ष पाहिली. आईने ओळख पटवली. बांधा मजबूत. मिशा आहेत. मारामारी झाल्यास आवरणार नाही.'

हा अहवाल मामलेदारसाहेबांच्या टेबलावर गेला, आणि त्यांनी सगळ्यांनाच बोलावून घेतलं. साहेब वयस्क होते, निवृत्तीला आले होते. त्यांनी मोरूला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मला काही शंका दिसत नाही. पण कागद माझ्या डोळ्यांनी चालत नाही. नोंद चुकली असं आईने माझ्यासमोर सांगावं. 'मला मुलगा झाला.' एवढंच. मी आजच्या टपालाने दुरुस्ती पाठवतो. बोला बाई."

हिरावहिनीने ओठ घट्ट मिटून घेतले.

"वयनी, बोल गो," बाबूकाका कुजबुजले.

"नाय."

"अगो, तीन शब्द तर हायत!"

"तीन असोत का अर्धा असो. बावीस वर्सं म्या त्वांड बंद ठेवलं म्हणून ह्ये पोर आज उभं हाय. आता त्ये समुद्रापल्याड निगालं, आनि आजच म्या वरडून सांगू? जल्ला तुमचा पासपोट! नाय गेली तर नाय गेली. वाडीत ऱ्हाईल, माज्या डोळ्यांम्होरं ऱ्हाईल!"

मोरूचा इतके दिवस दाबलेला संताप बाहेर आला. "आये, तुझ्या त्या सटवीपायी माझा जन्म फुकट जायचा! सगळं गाव मला हसतं. कॉलेजात हसले. आता सरकारपण हसतंय! एकदा मला मुलगा म्हण. एकदाच!"

हिरावहिनीचे डोळे भरून आले. कचेरीत कोणाला कुठे बघावं ते कळेना. बाबूकाकांना तर आपल्या त्या मोत्यासारख्या अक्षराची आयुष्यात पहिल्यांदाच लाज वाटली. बोट सुटायला पंचवीस दिवस उरले होते.

हिरावहिनीने पदराने नाक पुसलं आणि विचारलं, "सायब, एक इचारू?"

"विचारा."

"सटवी कपाळावर लिवते, ती कंच्या भाषेत लिवते?"

खांबेटे खोकले. मामलेदारसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी खुर्चीत मागे टेकून नीट विचार केला. "याबाबत शिरधनकरांचं मत घेतलं पाहिजे. लिहिण्याचा धंदा त्यांचा."

बाबूकाका गांगरले. पण प्रश्न धंद्यातला होता! "मोडीत, साहेब. एका रात्रीत एवढ्या कपाळांचं काम उरकायचं, तर बाळबोध अक्षर परवडायचं नाही. मोडीच!"

"आनि विंग्रजी?" हिरावहिनीने साहेबांनाच विचारलं. "विंग्रजी येतं तिला?"

"नाही," साहेब गंभीरपणे म्हणाले. "त्यांच्या खात्यात इंग्रजी अजून सुरू झालेलं नाही."

"नक्की?"

"बाई, तीस वर्षं सरकारी नोकरी केलीय मी. कुठल्या खात्यात काय पोचलंय ते मला ठाऊक असतं."

हिरावहिनीने मान हलवली. "मग लिवा विंग्रजीत. म्या आंगठा देते. पन तोंडानं बोलायची नाय, आनि कुनी मराटीत वाचून दावायचं नाय!"

"साहेब!" खांबेटे हादरले. "जबानी देणाऱ्याला वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेता येत नाही. नियम आहे!"

"मग दाखवा की वाचून. इंग्रजीतच वाचा. कोणी अडवलंय?"

आणि खांबेट्यांनी तो अख्खा कागद उभं राहून, घसा साफ करून, इंग्रजीत वाचला. हिरावहिनी एकेक शब्द कान देऊन ऐकत होती. त्यातलं अवाक्षरही तिला कळलं नाही, आणि म्हणूनच ते सगळं तिला मान्य झालं! अंगठा शाईत बुडवताना तिने हात मागे घेतला, तेव्हा मोरूने पुढे होऊन तो धरला. मघाचा संताप कुठच्या कुठे गेला होता. तिने त्याच्याकडे बघून हळूच विचारलं, "काय लिवलंय गो त्यात?"

मोरूने तिचा अंगठा कागदावर टेकवला. "काय नाय गो आये. तुझ्या मनात हाय तेच लिवलंय."

पासपोर्ट आला तो दहा सप्टेंबरला. आठ दिवसांचं म्हणून सांगितलेलं काम अडीच महिन्यांनी झालं होतं, पण बाबूकाका बाजारात सांगत फिरत होते, "बघा! झालं की नाही?" कोणी तारीख काढली की त्यांना घाईचं काम आठवे.

नारळी पुनव होऊन गेली होती, मुंबईच्या आगबोटी सुरू झाल्या होत्या. मोरूला पोचवायला अख्खी वाडी बंदरावर लोटली. शाळेचे मास्तर होते, कॉलेजचे दोघे मित्र होते, खुद्द मामलेदारसाहेब फिरायला निघालो असं म्हणत येऊन उभे होते. गर्दी आवरायला तोच हवालदार. मोरूच्या अंगावर नवाकोरा सूट, पायांत करकरणारे बूट. आगबोट लांब खोल पाण्यात उभी होती, तिथवर होडीने जायचं होतं.

होडी सुटली. हात-दोन हात पाणी मध्ये पडलं. चार हात पडलं. आणि मग हिरावहिनी गुडघाभर पाण्यात शिरली आणि सगळं बंदर ऐकेल अशा आवाजात ओरडली, "मथुरे! सांबाळून जा गो! वेळेवर जेव गो! थंडीत डोकीवरून पदर घे गो माजे बाय!"

धक्क्यावर एकच हशा उसळला. कॉलेजचे मित्र तर पोट धरून बसले. बाबूकाकांनी डोळे मिटून घेतले. आता हा तोंड फिरवणार! आता हा तिला ओरडणार, आणि त्यावर दोघं तीन वर्षं रडणार!

मोरू होडीत उभा राहिला. टोपी काढली. वाडीतल्या बायका-पोरं, मास्तर, मित्र, मामलेदार, सगळ्यांच्या देखत त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडून उत्तर दिलं.

"येते गो आये! काळजी करू नको! मी परत येते!"

हशा तिथेच थांबला. हिरावहिनी पाण्यात उभी राहून हसत होती आणि रडत होती, आणि कोण बघतंय याची तिला पर्वा नव्हती. मामलेदारसाहेबांनी चष्मा पुसायला घेतला. बाबूकाकांना हुंदका आवरेना. पदराआडून रडायची सोय नसल्यामुळे त्यांनी उपरण्याचं टोक डोळ्यांना लावलं.

ते खाली घेतलं तेव्हा हवालदार शेजारी उभा होता. त्याने वही उघडली होती, पेन्सिल जिभेला लावली होती, आणि होडीकडे रोखून बघत तो विचारत होता,

"शिरधनकर, आत्ता ती काय म्हणाली?"