दयानंदरावांचा रक्षक

ते साल दोन हजार दोन होतं की तीन, हे दयानंदराव आज छातीठोकपणे सांगू शकत नाहीत. (स्वतःचा रक्तगटही ते कार्ड बघूनच सांगतात.) पण नांद्यात हैबतरावांच्या घरी ते वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते, संख्याशास्त्राची प्राध्यापकी संपली होती आणि कॉम्प्युटरमधल्या अँटिव्हायरसची मुदतही संपली होती, एवढं नक्की.

नवा विकत आणण्याऐवजी आपणच लिहावा, असं त्यांनी ठरवलं. प्रोग्रॅम लिहायची सी भाषा पुस्तकावरून नुकतीच शिकून झाली होती. प्रत्येक व्हायरसच्या पोटात अक्षरांची एक ठरावीक साखळी असते. अशा साखळ्या प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवायच्या, डिस्कवरची एकेक फाइल उघडून बघायची आणि साखळी सापडली की फाइल पुसायची, तीही न विचारता. (विचारलं असतं तर दयानंदराव 'नको' म्हणाले असते. स्वतःला ते ओळखून होते.) प्रोग्रॅमचं नाव ठेवलं 'रक्षक'.

रविवारी दुपारी रक्षक सुरू केला. काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली: व्हायरस सापडला. पुसला.

दयानंदरावांनी ती ओळ दोनदा वाचली. काही सापडेल असं त्यांना वाटलंच नव्हतं; म्हणून तर फाइलचं नाव छापायची ओळ त्यांनी लिहिली नव्हती. पुन्हा चालवून बघावं म्हणून गेले, तर रक्षक जागेवरच नाही.

"आशा," ओट्यापाशी जाऊन ते पुटपुटले, "त्यानं रखवालदारच मारला."

आशालताबाईंच्या हातातला झारा कढईवर थांबला. "कुणी? कुणाचा?"

"व्हायरसनं. माझा प्रोग्रॅम गायब आहे."

"आणि ज्ञानदाचा प्रोजेक्ट? उद्या द्यायचाय तिला कॉलेजात. सहा महिने खपतेय पोर."

"तो आहे. पण त्यालाही लागण झालेली असणार."

"असणार, की आहे?"

या प्रश्नाचं उत्तर दयानंदरावांनी आयुष्यात कधी नीट दिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे मात्र कॉलेजातले सगळे कॉम्प्युटर बंद पडले, ज्ञानदाला काढून टाकल्याची नोटीस लागली. त्यांनी डिस्क फॉर्मॅट करायला घेतली. कॉपी घेतली तर व्हायरसचीही कॉपी होईल, म्हणून तीही घेतली नाही.

"अहो, पुसताय काय सगळं?" हा आशालताबाईंचा आवाज ऐकून हैबतराव जिना चढून आले.

"काय झालं, सर?"

"कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय."

"आमचा टीवी बी ह्याच मीटरवर हाय. त्यात जाईल काय?"

जाणार नाही, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण जन्मभर संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाला ते जमेना. "शक्यता अगदी नगण्य आहे."

"म्हंजी हाय."

"शून्य म्हणता येत नाही, इतकंच."

"मंग हाय म्हना की. सारजाचा पिच्चर चालू हाय खाली." असं म्हणून हैबतराव उतरले आणि त्यांनी मेन फ्यूजच काढला. अर्धी पुसलेली डिस्क होती तशी थंड पडली.

संध्याकाळी ज्ञानदा आली, तेव्हा आईवडील अंधारात बसले होते. दयानंदरावांनी कसंबसं सगळं सांगितलं. तिनं शांतपणे चप्पल पुन्हा पायात घातली, खाली गेली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फ्लॉपी घेऊन आली. पिशवीला पापडाचा चुरा चिकटला होता.

"सारजाकाकूंच्या पापडांच्या डब्यात ठेवते. दर शनिवारी नवी कॉपी."

"कधीपासून?"

"तुम्ही सीचं पुस्तक आणलंत त्या दिवसापासून. काकूच म्हणाल्या, हितं ठिव, सर हितं हात घालायचं न्हाईत." मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "तुमचा प्रोग्रॅमही आहे यात."

दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट जमा झाला. कॉलेजात काहीच बिघडलं नाही. व्हायरस आला कुठून, ही टोचणी मात्र दयानंदरावांना कित्येक वर्षं राहिली.

पुढे महाळुंग्याच्या फ्लॅटमध्ये जावई शैलेशनं ती फ्लॉपी शोधून काढली. पुसायची ओळ काढली, नाव छापायची ओळ घातली आणि नव्या कोऱ्या मशीनवर प्रोग्रॅम चालवला. सगळी डिस्क तपासून पडद्यावर एकच नाव आलं: रक्षक. व्हायरसच्या साखळ्या मुळात त्याच्याच पोटात होत्या.

दयानंदरावांनी खात्रीसाठी तो पुन्हा चालवायला लावला. उत्तर तेच आलं. घरातली सगळ्यात धोकादायक फाइल त्यानं त्या रविवारीही अचूकच ओळखली होती.