टिपणीस सरांच्या गाडीचं डावं दार

टिपणीस सरांच्या गाडीच्या दाराची आतली मूठ निखळून माझ्या हातात आली, आणि मी ती गुपचूप खिशात घातली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बँक अधिकाऱ्याने असं करू नये, हे मला कळतं. पण गाडी माझ्याच घरासमोर उभी होती आणि मला उतरायचं होतं.

सरांच्या गाडीतून उतरणं सोपं नव्हतं. दर रविवारी कलकत्त्याच्या मराठी मंडळातला पत्त्यांचा डाव संपला, की सर मला बेहालाला माझ्या घरापर्यंत सोडत. स्वतः राहायचे मात्र भवानीपूरला, मंडळापासून चार पावलांवर. गाडी जुनी, इंग्रजी, सरांहून टुणटुणीत. फक्त डाव्या दाराची मूठ झिजलेली. फिरवली की गरागरा फिरे, दार ढिम्म. काच खाली करून बाहेरून उघडावं, तर काचेची मूठ सरांनी 'हरवेल' म्हणून काढून समोरच्या खणात ठेवलेली. म्हणजे सर उतरून, गाडीला वळसा घालून येतील तेव्हाच सुटका.

घर आलं तरी "बोशून, बोशून," म्हणत सर बोलतच राहत. जन्म कलकत्त्याचा, त्यामुळे 'बसा' म्हणायचं झालं की तोंडून बंगालीच येई. चाळीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. एकदा नदी उगमापाशी धरली की समुद्राला मिळवल्याशिवाय सोडत नसत. सर सोडायला निघाले की मंडळातली मंडळी ट्रामकडे पळत. मी बदलीवर नवा आलेला. पळायचं असतं हे मला उशिरा कळलं.

त्या दिवशी घरी सदरा काढताना मूठ खाली पडली.

"हे काय आणलंत?" कुमुदने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं.

"सरांचं दार," मी म्हणालो.

चूक झालीच आहे तर चांगली दुरुस्ती करून भरपाई करावी, असं माझ्या मनाने घेतलं. मुठीचं चौकोनी भोक झिजून गोल झालं होतं. कुमुदने पुण्याला न्यायला ठेवलेला रसगुल्ल्यांचा डबा फोडून मी पत्र्याची पट्टी कापली, दोन बोटंही कापली, आणि पट्टी भोकात घट्ट बसवली. रविवारी सरांच्या देखत मूठ लावली. सरांनी ती फिरवली. दार उघडलं.

"छान झालं," ते म्हणाले. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. "फारच छान."

बेहाला आलं तेव्हा सर बोलता बोलता दामोदर नदीच्या धरणापाशी पोचत होते. मी खट्कन दार उघडलं आणि उतरलोदेखील.

वर चहा अर्धा झाला तेव्हा कुमुद खिडकीतून म्हणाली, "अहो, सर अजून गेले नाहीत."

गाडी तिथेच होती. आत सर, दोन्ही हात चाकावर, शेजारची जागा रिकामी. सरांची बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी विलायतेत. हे मला मंडळात पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगितलं होतं. मी ते ऐकलं होतं, इतकंच.

पुढच्या रविवारी सर म्हणाले, "गाडी जरा कुरकुरतेय, तुम्ही आपले ट्रामने जा." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. एका मुठीपायी मी सरांना तोडलं की काय, या विचाराने पत्ते हातात धरवेनात. तिसऱ्या रविवारी डाव संपताच मी न विचारता गाडीत जाऊन बसलो. सर चपला घालून येईपर्यंत मूठ उपसली, पट्टी काढून खिशात टाकली आणि मूठ परत बसवली.

सर आले. माझ्याकडे बघत क्षणभर उभे राहिले, मग गाडी काढली. वाटेत एकही नदी लागली नाही.

बेहाला आलं. मी मूठ फिरवली. गरागरा.

"पत्रा टिकला नाही हो माझा," मी म्हणालो.

सरांनी मुठीकडे पाहिलं, मग माझ्या खिशाकडे. आणि इंजिन बंद केलं.

"बोशून," ते म्हणाले. "कुठवर आलो होतो आपण?"

"धरणापाशी." मला इतकं हायसं वाटलं की मी चक्क पाय लांब केले.

पाऊण तासाने सरांनी वळसा घालून दार उघडलं. वर जाऊन मी कुमुदला सगळं सांगितलं आणि पट्टी दाखवली. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"ही माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली. "तुम्ही पुन्हा दुरुस्त कराल."