पानाच्या डब्यातले दोन भुंगेरे

ऱ्हस्वदीर्घाच्या चुका आधीच माफ करा. तेव्हा आमच्या सरकारी शाळेत जोर उर्दूवर होता आणि मी तिसरीतच शाळा सोडली. त्यामुळे दोन्ही भाषा मला सारख्याच कच्च्या येतात. शब्दही साधेच आहेत. (बोलायचं म्हटलं तर तेवढेही सुचत नाहीत.)

हे न बोलणंच नडलं. पोखर्णीचे लिंबाजीराव मला लेक द्यायच्या विचारात होते, पण पोरगा मुका आहे असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. म्हणून ते स्वतः बघायला येणार होते.

"एक तरी शब्द बोल रं बाबा," आई सकाळपासून विनवत होती.

माझं ध्यान मात्र भुंगेऱ्यांत. आश्रुबाकाका म्हणायचे, भोपळ्यावरचा लाल भुंगेरा म्हातारा झाला की त्याच्या अंगावर ठिपके येतात आणि तो वांग्यावर राहायला जातो. मला हे पटेना. दोन्ही शेजारी ठेवून बघावेत, एवढंच ठरवलं. वेगवेगळे खण असलेली वस्तू घरात एकच, आईचा पानाचा डबा. सुपारी काढून तिथं ठिपक्यांचे ठेवले, काताच्या खणात लाल.

तेवढ्यात पाहुणे आले. आईनं रिवाजाप्रमाणे डबा पुढं सरकवला. "घ्या, पाव्हणं."

लिंबाजीरावांनी बोलता बोलता झाकण उघडलं. लाल भुंगेरे भुर्रकन उडाले. दोन त्यांच्या मिशीवर बसले. ठिपक्यांचे मात्र पाय आखडून, मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले, अगदी कातरलेल्या सुपारीसारखे. "लय माशा झाल्यात," म्हणत पाहुण्यांनी मिशी झटकली आणि चिमूटभर सुपारी तोंडात टाकली.

एकाच डब्यात एवढा फरक! मी हरखून पुढं सरकलो आणि जन्मात पहिल्यांदा परक्या माणसाशी बोललो, "मामा, कडू लागायलाय का तुरट?"

(उत्तर 'कडू' असं आलं. आणखीही शब्द आले. ते मला लिहिता येत नाहीत.)

लिंबाजीराव ओसरीखाली थुंकत होते तरी आईला आनंद आवरेना. "मुका म्हून कोण सांगितलं व्हतं? बघा, बोलतंय की!"

"बोलतंय बाई," मिशी पुसत ते म्हणाले. "मुकं असतं तर बरं झालं असतं." आणि गाडी जुंपून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माफी मागायला पोखर्णीला चालत गेलो. वाटेत चार वाक्यं पाठ केली. दारात लिंबाजीराव दिसले आणि चारही पळाली. मी नुसता उभा.

आतून त्यांच्या लेकीनं विचारलं, "आबा, कालचे तेच का? बोलायलेत का?"

"न्हाई. गप हाय."

"मग येऊ द्या आत."