साळुबाईचं निवडुंग आणि टोमॅटोचा भाव

"वारूळवाडीत मी टोपी घातली न्हाई असं एक डोकं दाखवा," असं कुंडलिकआबा चहाच्या टपरीवर छाती फुगवून म्हणायचे, आणि लगेच इकडंतिकडं बघून आवाज खाली आणायचे, "साळूचं सोडून."

साळू म्हणजे त्यांची बायको साळुबाई. सारी हयात तिनं टोमॅटो बांधले, द्राक्षं विरळली, पण जीव लावला तो ओट्यावरच्या कुंडीतल्या निवडुंगाला. वारलेल्या बहिणीनं, ठकूबाईनं, दिलेलं बोटाएवढं कांडं. ते वाढत वाढत पत्र्याला टेकायला आलेलं. सरळसोट खांब! (आबा म्हणायचे, "या घरात ताठ उभं राहायची परवानगी त्या एकट्यालाच हाय.") यंदा पहिल्यांदाच त्याला कळ्या धरल्या. ठकूबाई सांगायची, फूल बशीएवढं येतं, पांढरंशुभ्र. ते बघायला साळुबाई टपून बसलेली, आणि नेमका तेव्हाच जुन्नरला लेकीचा, प्रतिभाचा, पाय मोडला.

"पाणी कवा घालू?" आबांनी विचारलं.

"घालूच नका. पाणी न्हाई, खत न्हाई, हात न्हाई. नुसतं बघायचं." साळुबाईनं पिशवी उचलली. "जमंल का काहीच न करणं?"

"जल्मभर दुसरं काय केलंय?"

आबांनी शब्द पाळला. निवडुंगाला बोट लावलं नाही. पण तोंडाला कोण आवरणार? दुसऱ्याच दिवशी शेजारचा धर्माजी आला, टोमॅटोचा बाजार पडला म्हणून रडत. आबांनी चेहरा लांब केला.

"कुणाला बोलू नगंस. साळूनं हे झाड उगं न्हाई वाढवलं. बुडाला तांब्याभर पाणी घाल आन् कानात गाऱ्हाणं सांग."

"कान कुठंशी हाय त्याला?"

"काटा टोचंल तिथं."

धर्माजीनं पाणी घातलं, नाकात काटा टोचून घेतला आणि गेला. आबा ओट्यावर लोळून लोळून हसले.

दुसऱ्या दिवशी नारायणगावच्या मार्केटात टोमॅटोचा भाव चढला.

झालं! दारात मोटारसायकली लागल्या. कुणी तांब्या आणला, कुणी कॅन. लालचंदशेठच्या सूरजबाई तर कळशीभर फिल्टरचं पाणी घेऊन आल्या. रखमाजीनं पाण्यात ड्रिपचं खत कालवलं. ("नवस मोठा हाय, आबा.")

आबांचं हसू आटलं. कुंडीपुढं हात पसरून उभे राहिले. "आरं, चेष्टा केली व्हती मी! समदं खोटं हाय!"

"भाव चढल्यावरच बरं खोटं झालं?" धर्माजी म्हणाला.

"साळूची शप्पत!"

"बघा! शप्पत घेत्यात म्हंजी नक्की कायतरी लपवत्यात," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"एकट्यालाच पायजे म्हाताऱ्याला," रखमाजीनं मागून कॅन ओतला.

जन्मात पहिल्यांदा आबा खरं बोलले, आणि त्याला गिऱ्हाईक मिळेना.

निवडुंग आधी फुगलं. आबांना वाटलं, बाळसं धरलं. मग बुडाशी पिवळं पडलं, पिकल्या टोमॅटोसारखं मऊ झालं. कळ्या एकेक करून गळाल्या. आबांनी त्या वेचून खिशात ठेवल्या. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. शेवटी टोमॅटोला करतात तसा बांबू रोवला, सुतळी ताणली. गाठ मारायला वाकले आणि अख्खा खांब बुडातून मोडून त्यांच्या पाठीवर आला.

साळुबाई आली तेव्हा आबा ओट्यावर पालथे, पाठभर काटे. तिनं विळ्यानं सडकं छाटलं, शेंड्याचं हिरवं कांडं सावलीत ठेवलं, मग चष्मा लावून चिमटा घेऊन आबांच्या पाठीशी बसली.

"कळ्या जपून ठेवल्यात मी," आबा फरशीला सांगितल्यासारखं म्हणाले.

चिमटा थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जरा जोरात.

"त्यो शेंडा जगंल का गं?"

"काप वाळला की कोरड्या वाळूत लावते. धरंल मुळ्या."

"परत पत्र्याला लागायला किती वर्सं?"

"पंधरा तरी."

आबांनी बोटांवर वर्षं मोजली. "तवर मी असंन व्हय?"

साळुबाईनं एक लांबलचक काटा उपटून उजेडात धरला.

"नसाल, म्हणून तर जगंल त्ये."